देवळाली कॅम्पातलं सुभेदारांचं दुकान: फौजींच्या पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी जावं का?

दुकानाला नाव नाही. शटरच्या वर पिवळ्या पत्र्यावर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सर्व ऑनलाइन फॉर्म' एवढंच रंगवलंय. मोबाइलच्या नकाशात शोधत बसू नका, सापडणार नाही. नाशिकरोडकडून लॅम रोडनं कॅम्पात या आणि हौसन रोडला लागलात की कुठल्याही चहावाल्याला 'सुभेदारांचं दुकान' म्हणून विचारा. मालक फौजेतून क्लर्क म्हणून पेन्शनला आलेले. त्यांचं नाव इथं टाकत नाही, त्यांना ते आवडायचं नाही.

मी तोफखान्यातला हवालदार, २४ वर्षं करून घरी आलो. मुलगी बी.फार्म.ला आहे. माजी सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या पंतप्रधान शिष्यवृत्तीचा तिचा पहिला अर्ज आणि त्यानंतरची नूतनीकरणं याच दुकानातून झाली. शिवाय मी स्वतः मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतोय, त्याचे परीक्षेचे फॉर्मही इथेच भरतो. म्हणजे बाप आणि लेक दोघंही यांचे गिऱ्हाईक. त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही लिहायला हरकत नाही.

आधी दर सांगतो, कारण फौजी माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. शिष्यवृत्तीचा नवा अर्ज ३०० रुपये, नूतनीकरण १५०. स्कॅनिंग त्यातच आलं. महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज, पसंतीक्रम भरण्यासकट, ४००. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाच्या आसपास याहून स्वस्तात करून देणारे आहेत. आमच्या शेजारच्या नायक साहेबांनी तिकडून मुलाचा अर्ज भरला. तिथल्या दुकानातल्या पोऱ्यानं मोबाइलनं कागदाचे फोटो काढले, काळपट, कडा कापलेले, आणि तेच चढवले. अर्ज शेरा मारून परत आला. मग ते सुभेदारांकडे आले आणि सगळं पहिल्यापासून झालं. मूळ कागद रंगीत स्कॅन करायचा, झेरॉक्सचा स्कॅन करायचा नाही, हे सुभेदार शटर उघडल्यापासून बंद करेपर्यंत ओरडत असतात.

आता ज्यासाठी ३०० रुपये द्यावेत ती खरी गोष्ट. हे गृहस्थ आल्या आल्या संगणकाला हात लावत नाहीत. टेबलावरचं सगळं बाजूला सारतात आणि तुमचे कागद ओळीनं मांडायला लावतात: डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते), पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, माजी सैनिक ओळखपत्र, मुलाचं दहावीचं आणि बारावीचं गुणपत्रक, आधार, बँकेचं पासबुक. मग पट्टी घेऊन प्रत्येक कागदावरचं नाव अक्षर-अक्षर वाचतात. आमच्या मुलीच्या नावात डिस्चार्ज बुकात इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'ए' गाळलेला निघाला. कुठल्या तरी युनिटच्या ऑफिसात, ती वर्षाची असताना, कुणीतरी पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या घरच्या माणसांची नोंद करणारा आदेश) टाइप करताना खाल्लेलं अक्षर. इतकी वर्षं ते कुणालाच टोचलं नव्हतं.

मी म्हटलं, "साहेब, एका अक्षरानं काय होतंय, चढवून टाका."

"हवालदार, तोफेचा बेअरिंग देताना एका मिलनं काय होतंय असं म्हणाला होतात का कधी?"

मिल म्हणजे तोफेची दिशा मोजायचं बारीक माप. गप्प बसलो. त्यांचं म्हणणं असं की शिष्यवृत्तीपुरतं प्रतिज्ञापत्रावर भागेलही, पण पुढं ईसीएचएसच्या म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या कार्डाला, उद्या फॅमिली पेन्शनला, पेन्शनच्या 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेतल्या नोंदीला हेच अक्षर आडवं येणार. तेव्हा मुळातच दुरुस्त करा. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या नाशिकरोड कॅम्पातच आहे, हे आम्हा गनर म्हणजे तोफखान्यातल्या लोकांचं नशीब. देशात कुठंही राहणाऱ्या गनरची जन्मकुंडली इथं. सिग्नलवाल्याला जबलपूरशी पत्रव्यवहार करावा लागतो, ईएमईवाल्याला (फौजेची यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्याला) सिकंदराबादशी, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाला बेळगावशी, महार रेजिमेंटवाल्याला मध्य प्रदेशात सागरला. प्रतिज्ञापत्र, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि अर्ज कसा लिहायचा, तो मसुदा त्यांनी कागदावर हातानं लिहून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. अर्ज भरल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत हा त्यांचा नियम, आणि नावं जुळल्याशिवाय अर्ज भरायचा नाही हा दुसरा.

ज्यांना योजनाच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून चालू आहे, पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो आणि अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा. दरवर्षी नव्या ५,५०० मुलांना मिळते, निम्मे मुलगे आणि निम्म्या मुली. मुलीला महिना ३,००० रुपये, मुलाला २,५००. आधी हे आकडे २,२५० आणि २,००० होते, २०१९-२० पासून वाढले. अधिकाऱ्यांच्या मुलांना सर्वसाधारण गटात जागा नाही, ती जवान, एनसीओ (नायक, हवालदार) आणि जेसीओंच्या (सुभेदार वगैरे) मुलांसाठी. हुतात्मा जवानांची मुलं आणि वीरपत्नी, युद्धात अपंगत्व आलेल्यांची मुलं, शौर्यपदकवाल्यांची मुलं अशी वरची पाच पायऱ्यांची क्रमवारी आहे. आपण साधे पेन्शनर सहाव्या पायरीवर.

अभ्यासक्रम व्यावसायिक पदवीचा हवा: इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, बी.एड., बीबीए, बीसीए असा. पहिल्याच वर्षी अर्ज करायचा, दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर उपयोग नाही. बारावीला किमान ६० टक्के लागतात. पण इथं सुभेदार प्रत्येकाला बजावतात की ६० टक्के म्हणजे रांगेत उभं राहण्याचा पास आहे, आत जाण्याचा नाही. जागा मोजक्या आणि निवड गुणांवर. एकसष्ट टक्केवाल्या पोराच्या बापाला ते सरळ सांगतात, "भरू या, पण घरी पेढे आणू नका." असं तोंडावर सांगणारा दुकानदार मला आवडतो. तीनशे रुपये तर त्यांना दोन्हीकडून मिळणारच असतात.

मुलीचा अर्ज तीन कागदांवर अडतो असं ते म्हणाले होते, आणि तसंच झालं. पहिला माजी सैनिकाचा दाखला, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या सहीचा. दुसरं कॉलेजचं बोनाफाइड. ते कॉलेजच्या नेहमीच्या छापील नमुन्यात चालत नाही, योजनेच्याच नमुन्यात हवं, त्यात अभ्यासक्रम किती वर्षांचा, मान्यता कोणाची, प्रवेश कधी झाला हे सगळं. मुलीच्या कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी आपल्या नमुन्यातलं काढून दिलं आणि "सगळ्यांना हेच देतो" म्हणाल्या. सुभेदारांनी कोरा नमुना छापून, त्यात पेन्सिलीनं कुठं काय लिहायचं आणि शिक्का कुठं हे आखून दिलं. ते बघितल्यावर बाईंनी निमूट भरलं. हा पेन्सिलीचा उद्योग मला फार कामाचा वाटला. क्लर्क क्लर्कशी कसा बोलतो हे क्लर्कलाच कळतं.

तिसरा कागद बँकेचा. खातं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं पाहिजे. आमच्या मुलीचं खातं ती लहान असताना आईबरोबर उघडलेलं. एका सरकारी बँकेच्या शाखेत ते बदलून घ्यायला किती तंगडतोड झाली ते लिहीत नाही. ज्याचं मूल यंदा बारावीला आहे त्यानं अठरा पूर्ण होताच हे काम आटपून ठेवावं, निकालाची वाट बघू नये.

छत्तीस हजार वर्षाला, म्हणजे मुलीच्या फीचा एक तुकडा. ते पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, वर्षाचे एकदम थेट तिच्या खात्यात जमा होतात, आणि तेही कॉलेजनं फी वसूल करून झाल्यावर कितीतरी दिवसांनी. म्हणून शिष्यवृत्तीच्या भरवशावर फीची सोय करू नका. फी आधी तुम्ही भरणार, सरकार नंतर हात लावणार. मी पहिल्या वर्षी सोसायटीतून उचल घेतली. मुलीनं मात्र खात्यात पैसे आल्यावर त्यातून आधी स्वतःचे प्रॅक्टिकलचे दोन अ‍ॅप्रन आणि पुस्तकं आणली, आणि उरलेल्याची मुदत ठेव केली. बापाला विचारलं नाही. बरं वाटलं.

दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि किमान ५० टक्के टिकवावे लागतात. सुभेदार नवा अर्ज करतानाच तुमच्या डायरीत पुढच्या वर्षीच्या निकालाच्या सुमाराची नोंद करायला लावतात. स्वतः फोन करून आठवण मात्र करत नाहीत. मी विचारलं होतं. म्हणाले, "मी काय तुमचा रनर आहे?"

ज्यांची मुलं बी.ए., बी.कॉम.ला आहेत त्यांनी निराश होऊन परत फिरू नये. हवालदार आणि त्याखालच्यांच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत, रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून शिक्षण अनुदान मिळतं. ते महिना १,००० होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,००० झालं. महाडीबीटीवर उच्च शिक्षण विभागाची माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी वेगळी शैक्षणिक सवलत आहे. प्रवेशाच्या वेळी डिफेन्स कोटा आहेच. पेन्शनरच्या पोरांचा डीईएफ-१, चालू नोकरीतल्यांचा डीईएफ-२, महाराष्ट्रात बदलून आलेल्या परप्रांतीय जवानांच्या मुलांचा डीईएफ-३. यातला पहिला आणि तिसरा गिऱ्हाईक सर्रास उलटसुलट सांगतात, म्हणून सुभेदार आधी विचारतात, "डोमिसाइल आहे का? नोकरीत आहात की घरी?" आणि मगच खूण करतात. एकाच पोरासाठी दोन सरकारी दारं एकदम ठोठावायची असतील तर आधी दोन्हीकडच्या अटी वाचून दाखवतात. घाईवाल्यांना याचा कंटाळा येतो. येऊ दे.

पासवर्डचं एक सांगायलाच हवं. बाकीच्या सायबरवाल्यांकडे अर्ज भरला की पासवर्ड त्यांच्याच वहीत राहतो, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडेच जावं लागतं. सुभेदार मात्र तो तुमच्या डायरीत तुमच्या हातानं लिहायला लावतात, ईमेल मुलाच्याच नावाचा उघडून देतात, आणि काम झाल्यावर स्कॅन तुमच्या पेनड्राइव्हवर टाकून संगणकावरून तुमच्या डोळ्यांदेखत पुसतात. डिस्चार्ज बुकाच्या प्रती कुणाकुणाच्या संगणकात पडून आहेत याचा विचार आपण करत नाही. करायला हवा.

आता तक्रारी. जून ते ऑक्टोबर गर्दी असह्य. टोकन नाही, यादी नाही, 'मी यांच्या मागे' या शब्दावर सगळं चालतं. बसायला एक बाक, त्यावर तीन माणसं आणि एक कुलर. इगतपुरी, सिन्नरकडून आलेल्या वहिनी मुलाला कडेवर घेऊन दारात उभ्या असतात आणि आतले जवान कारगिलच्या गप्पा मारत बाक अडवून बसलेले असतात. हे सुभेदारांनी बघायला पाहिजे, ते बघत नाहीत, मान स्क्रीनमध्ये. एकदा सिन्नर बाजूच्या एक ताई आल्या होत्या, नवरा इंजिनिअर रेजिमेंटचा, नोकरीत असतानाच गेलेला. शिष्यवृत्ती मुलांना मिळते तशी जवानाच्या विधवेलाही शिकण्यासाठी मिळते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मुलाचा अर्ज भरायला आल्या आणि निघताना स्वतःच्या बी.एड.च्या प्रवेशाची चौकशी करत होत्या. त्यांना मात्र साहेबांनी स्वतःची खुर्ची दिली.

हाताखालचा जो भाचा बसतो त्याच्याकडून नवा अर्ज भरून घेऊ नका. पोरगा सालस आहे, प्रिंट-झेरॉक्सला ठीक, पण 'रँक' या रकान्यात त्यानं एकाचा ट्रेड (फौजेतल्या कामाचा प्रकार) भरलेला मी बघितलाय. साइट दिवसा रेंगाळते तेव्हा साहेब चिडतात आणि चिडले की हिंदीत जातात. आवाज परेड ग्राउंडचा. नवख्या पोरी घाबरतात.

आणि माझ्या स्वतःच्या शिक्षणाचं. यात दुकानाचा दोष काहीच नाही, पण बाकावर बसल्या बसल्या हाच विषय निघतो म्हणून लिहितो. एवढ्या सगळ्या योजनांत जो माणूस वर्दी घालून आला, त्याच्या कॉलेजसाठी काय? सुभेदारांनी सगळी यादी उलटीपालटी केली. पंतप्रधान शिष्यवृत्ती पाल्य आणि विधवांसाठी, शिवाय दूरशिक्षण त्यात बसत नाही. शिक्षण अनुदानही मुलांसाठी. मला नोकरीच्या शेवटच्या वर्षी संरक्षण खात्याच्या पुनर्वसन महासंचालनालयाचा कोर्स मिळाला होता, जवानांना तो फुकट असतो, अधिकाऱ्यांना काही हिस्सा भरावा लागतो. तो चांगलाच होता, पण तो रोजगाराचा कोर्स, पदवी नव्हे. मॅट्रिक आणि १५ वर्षं नोकरी असली की केंद्राच्या गट क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचं धरतात. म्हणजे कागदावर पदवीधर व्हा, वर्गात बसायची गरज नाही.

अमेरिकेत १९४४ सालीच रूझवेल्टनं जीआय बिलावर सही केली, आणि आज तिथला सैनिक पेन्शन नसताना, तीन वर्षं नोकरी करून बाहेर पडला तरी ३६ महिन्यांची कॉलेजची फी, राहण्याचा भत्ता, पुस्तकांचे पैसे स्वतःसाठी घेतो. हवं तर ठरावीक अटींवर ते बायकोमुलांच्या नावे करतो. तिथं आधी सैनिक, मग लेकरं. आपल्याकडे थेट लेकरं. आपल्या घरात बाप तसाही स्वतःचं मागत नाही, हे सरकारला बरोबर ठाऊक असावं. इतर बाबतीत तिकडचं इकडं आणावं असं मी म्हणणार नाही, पण हा एक नियम उचलण्यासारखा आहे. तोफखाना केंद्रातून २०२३ पासून बाहेर पडणारी अग्निवीर पोरं बघतो तेव्हा जास्तच वाटतं. चार वर्षांनी त्यांतली बहुतेक घरी येतील, सेवानिधीचे, म्हणजे सुटताना मिळणारे एकरकमी पैसे घेऊन, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. इग्नूनं त्यांच्यासाठी पदवी आखली आहे, निम्मे श्रेयांक नोकरीतल्या प्रशिक्षणाचे धरून. ते चांगलं. पण तेविसाव्या वर्षी घरी आलेल्या पोराला सुभेदारांच्या बाकावर बसून कुठला अर्ज भरता येईल, हे आज सुभेदारांनाही सांगता येत नाही. आणि त्यांना सांगता येत नाही असं मी फार क्वचित बघितलंय.

मी आपला माझ्या खर्चानं शिकतोय. मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय गंगापूर धरणाच्या रस्त्याला गोवर्धनला, घरापासून सिटीलिंकच्या बसनं जाता येतं. फी परवडते, पुस्तकं घरी मिळतात, रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र. वर्गात माझ्याहून मोठे दोन एसटीचे कंडक्टर आहेत. माझा परीक्षेचा फॉर्म सुभेदार ५० रुपयांत भरतात, आणि दरवेळी निकाल विचारतात. मुलीचा कधी विचारत नाहीत.

तर जावं का? कागद जुळलेले असतील, मूल संगणकावर सराईत असेल तर घरीच भरा, पैसे वाचवा. नमुने संकेतस्थळावरच आहेत. पण डिस्चार्ज बुक आणि गुणपत्रकातलं नाव एका अक्षरानंही वेगळं असेल, नवरा हयात नसेल, किंवा रेकॉर्ड ऑफिस लांबच्या राज्यात असेल तर डोळे झाकून इथं या. पाचपैकी चार. एक कापला तो बाकाचा.

येताना मूळ कागद, रंगीत फोटो, पेनड्राइव्ह आणि आधारला जोडलेला मोबाइल आणा, ओटीपी त्याच्यावर येतो. बायकोच्या मोबाइलला जोडलेलं असेल तर बायकोला घेऊन या. रविवारी सकाळी बारापर्यंत उघडं असतं, बाहेरगावच्यांनी तेव्हाच यावं. साइट पहाटे चालते म्हणून मुदतीच्या आठवड्यात साहेब साडेपाचलाच शटर अर्धं वर करतात. दुपारी एक ते चार बंद. त्या वेळेत शटर वाजवू नका, आतून जे उत्तर येतं ते मुलांना ऐकवण्यासारखं नसतं.